कमरेच्या मापाबद्दल हरकत

माझ्या नातीला एक धड हवं होतं. बाईचं. डोकं, हात आणि पाय नकोत. मानेपासून मांडीपर्यंतचा भाग पुरे. हे ती सकाळच्या चहाच्या वेळी बोलली आणि माझ्या मुलाने वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं, "कधीपर्यंत?" आमच्या घरात कोणी कोणाचं पूर्ण ऐकत नाही, असं मी गेली चाळीस वर्षं सांगत आले आहे. तेही कोणी पूर्ण ऐकलेलं नाही.

नातीला घरात सगळे शेंग म्हणतात, कारण उभी राहिली की ती तशीच दिसते. वय सतरा. कपडे शिवायचं रीतसर शिक्षण देणाऱ्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आमच्या वेळी शिवण शिकायचं म्हणजे गल्लीतल्या एखाद्या बाईच्या मशीनशेजारी स्टुलावर बसायचं. परीक्षाही एकच. आपण शिवलेला पहिला झगा धाकट्या बहिणीला घालायचा आणि तिला पळायला लावायचं. उसवला नाही तर पास. हिला मात्र सहामाही, वार्षिक, तोंडी, प्रात्यक्षिक असं सगळं होतं, आणि शिवाय तिच्या बापाने घातलेली अट होती. पहिलं वर्ष पार पडलं तर शिवण, नाही तर मुकाट्याने वाणिज्य शाखा. मुलगा माझाच आहे, पण शब्दाचा पक्का आहे. हा दोष त्याने वडिलांकडून घेतला.

वार्षिक प्रात्यक्षिकाचा विषय होता, 'तयार कपड्यांच्या कुठल्याच मापात न बसणाऱ्या देहासाठी कोट'. कोट शेंगेने शिवत आणला होता. पण तो परीक्षेत मांडायचा तर त्याच मापाची डमी लागते. डमी म्हणजे शिंप्याच्या दुकानाच्या काचेत उभं असतं ते. कॉलेजातल्या सगळ्या डम्या विशीतल्या, सडपातळ आणि ताठ. शेंगेने निवडलेला देह त्यातला नव्हता. डमी नाही तर गुण शून्य, गुण शून्य तर वर्ष गेलं, वर्ष गेलं तर वाणिज्य शाखा. परीक्षेला बारा दिवस होते.

असल्या वेड्यावाकड्या डम्या दुकानात मिळत नाहीत. दुसऱ्या एका गावात शिकणारी एक मुलगी त्या मापाबरहुकूम बनवते आणि सोशल मीडियावरच्या आपल्या पानावरून विकते. तिला आमच्या घरात धडवाली हे नाव पडलं. धडवालीला बनवून पाठवायला चार दिवस लागत होते. म्हणजे चांगले आठ दिवस हाताशी राहत होते. शेंग निर्धास्त होती.

मग मधे धोरण आलं.

धोरणाचं पूर्ण नाव 'विद्यार्थी ऑनलाइन खरेदी संरक्षण धोरण'. अठराच्या आतल्या विद्यार्थ्याने सोशल मीडियावरून काहीही घ्यायचं झालं तर घरातल्या एका पडताळलेल्या पालकाने संमती द्यायची. मागणी आल्यापासून पंधरा मिनिटांत द्यायची, नाही तर मागणी बाद. संमती दिल्यावर तीन दिवस विचारकाळ, म्हणजे मुलाचं डोकं थंड होण्यासाठी वेळ. मग वस्तू निघणार. मुलं जाहिराती बघून काय वाटेल ते मागवतात, म्हणून हे केलं. हेतू उत्तम. माझ्या आयुष्यात मी जेवढे ताप सोसले त्या सगळ्यांचे हेतू उत्तमच होते.

आता पालक कोण? मुलाच्या कारखान्यात फोन फाटकापाशीच जमा करून घेतात, आणि सोशल मीडियावर नसल्याचा त्याला अभिमानही आहे. सून रुग्णालयात परिचारिका. तिचा फोन दिवसभर कपाटात. फोनपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर कायम सापडेल असं घरातलं एकमेव माणूस मी.

"आजी, तुला काही करायचं नाही," शेंग म्हणाली. "फक्त एकदा चेहरा दाखवायचा आणि मग 'संमती' असं येईल तिथे दाबायचं."

चेहरा दाखवण्यात दोन दिवस गेले. फोन म्हणाला डावीकडे बघा, मी बघितलं. उजवीकडे बघा, बघितलं. मग म्हणाला, कृपया हसा. मी एकतीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. ओळखपत्राच्या फोटोत हसायचं नाही, असा नियम मी स्वतःच्या हाताने तपासून छापायला सोडलेला आहे. मी हसले नाही. फोन म्हणाला, व्यक्ती आढळली नाही.

"आजी, जरा दात दाखव ना."

"कुठले? तोंडातले की पेल्यातले?"

पेल्यातले तोंडात घालून हसले, तर फोन म्हणाला, ही व्यक्ती आधीच्या व्यक्तीशी जुळत नाही. सून संध्याकाळी ड्यूटीवरून आली, तिने मला खिडकीपाशी बसवलं, हनुवटी धरून मान सरळ केली आणि म्हणाली, "आई, समजा मुलगा वेळेवर घरी आलाय." त्या हसण्यावर माझी पडताळणी झाली.

पालक झाल्याचा पहिला लाभ लगेच मिळाला. विद्यार्थ्यांना जाहिराती दाखवायला धोरणाने बंदी आहे. पण जाहिरात करणाऱ्यांनी पैसे भरलेले असतात, त्या जाहिराती कुठेतरी जायला हव्यात; त्या पालकाकडे जातात. सतरा वर्षांच्या मुलीचं मन बिघडू नये म्हणून बहात्तर वर्षांच्या बाईला दिवसभर गुडघ्यावर फाटलेल्या पँटी, पापण्यांचे खोटे केस आणि कानात भोक न पाडता घालायच्या बाळ्या दाखवतात. तिसऱ्या दिवशी मी त्यातली एक बाळी जरा मोठी करून बघत होते, हे खरं आहे. सुनेने पाहिलं. 

हे सगळं धोरण आमच्या लहानपणी एकटा दुकानदार चालवायचा. चौकात त्याचं दुकान होतं. वह्या, शाई, रिळं, आरसे, सगळं एकाच अंधाऱ्या खोलीत. अकरा वर्षांची असताना मी त्याच्याकडे नखं रंगवायची लाल बाटली मागितली. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "आईला पाठव." संपलं. चेहरा दाखवा नाही, पंधरा मिनिटं नाही. त्याला माझी आई माहीत होती, आणि तिला पाठवणं मला जमणार नाही, हेही माहीत होतं. पुढे मी नोकरीला लागून पहिल्या पगारात ती बाटली घ्यायला गेले, तेव्हा त्याच माणसाने, केस पांढरे झालेले, ती कागदात बांधली आणि विचारलं, "आईला सांगितलंस ना?" असो. मुद्दा राहिला बाजूला.

मागणी आली दुपारी एकच्या सुमाराला. शेंग कॉलेजात होती. फोन किणकिणला, पडद्यावर एक घड्याळ उलटं धावायला लागलं आणि खाली एक निळं बटण: 'संमती'. दुसऱ्या कुठल्याही आजीने ते दाबलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी न वाचता कशालाही होकार देत नाही. औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद असतो ना, तो संपूर्ण वाचणारी मी गावात एकटीच असेन. मी चष्मा लावला आणि पहिल्या कलमापासून सुरुवात केली. एकूण त्रेचाळीस कलमं होती. नववं आणि अठ्ठाविसावं एकमेकांच्या विरोधात होती, पण तो माझा विषय नव्हता. शेवटी वस्तूचं वर्णन आलं.

'स्त्रीदेह. वय सत्तरीच्या पुढे. पाठीला बाक. मान पुढे आलेली. छाती ओघळलेली. डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली.' पुढे मापं होती. मला त्या बाईची कीव आली. मनात म्हटलं, कुठून शोधून काढलं पोरीने हे ध्यान? कोणी तरी आश्रमातली असेल बिचारी, कोणी विचारणारं नसेल. मग पुढची ओळ वाचली. 'गळ्याच्या डाव्या हाडावर जुन्या अस्थिभंगाची गाठ.'

छापखान्याच्या जिन्यावरून मी अर्थसंकल्पाच्या गठ्ठ्यासकट पडले होते. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. मी हात वर नेऊन गाठ चाचपली. ती जागेवर होती.

सत्र सुरू होताना शेंगेने माझ्या अंगाला टेप लावली होती, हे मला तेव्हा आठवलं. "सराव करतेय गं," म्हणाली होती. जेवण झाल्या झाल्या घेतलेली मापं. जेवणानंतरची कंबर ही कोणाचीही खरी कंबर नसते, एवढं पहिल्या वर्षाला शिकवायला हवं.

घड्याळात चार मिनिटं उरली होती. निळ्या बटणाच्या वर एक चौकट होती: 'वर्णनात चूक आढळल्यास येथे नोंदवा.' एकतीस वर्षांत चूक दिसली आणि मी समासात खूण केली नाही, असं झालेलं नाही. मी लिहिलं, 'कंबर: चार इंच कमी करावी.' थोडा विचार करून आणखी लिहिलं, 'ओघळलेली हा शब्द काढावा.' मग संमतीचं बटण दाबलं आणि बऱ्याच दिवसांनी काही तरी नीट तपासल्याच्या समाधानाने आडवी झाले.

जाग आली तेव्हा फोनवर निरोप होता. 'पालकाची हरकत नोंदवण्यात आली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत खरेदी व पालकाचे खाते स्थगित.'

यावर शहाण्या माणसाने नातीला खरं सांगितलं असतं. मी वरच्या मजल्यावर गेले. तिथे विमावाले राहतात. ते विमा कंपनीत दावे तपासायचे, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांना जगात एकही माणूस नैसर्गिक कारणाने मेलेला वाटत नाही. कमरेचा भाग वगळून मी त्यांना हकीगत सांगितली.

"वहिनी, पहिली गोष्ट म्हणजे फोन बंद करून कपड्यांच्या घडीत ठेवा," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"ऐकतो तो. आता चौकशीचे प्रश्न येतील. सगळ्याला 'नाही' म्हणायचं. तीस वर्षांचा अनुभव आहे. जो माणूस 'हो' म्हणतो तो अडकतो."

"आणि प्रश्न काय आहे ते बघायचं नाही?"

"बघायचं. बघून 'नाही' म्हणायचं."

प्रश्न दुसऱ्या दिवशी आले. आपण ही खरेदी ओळखता का? नाही. विक्रेत्याशी आपला संपर्क झाला आहे का? नाही. हे तर खरंच होतं. विक्रेत्याने वर्णन केलेली वस्तू वास्तवात अस्तित्वात आहे, असे आपणास वाटते का? इथे मी जरा थबकले. विमावाले माझ्या मागे उभे होते. त्यांनी घसा साफ केला. मी 'नाही' दाबलं.

संध्याकाळी धडवालीचा फोन आला. शेंगेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा घेतला. त्या मुलीचं पान बंद झालं होतं. अस्तित्वात नसलेली शरीरं विद्यार्थ्यांना विकण्याच्या संशयावरून. तिच्याकडे आणखी सहा जणांच्या मागण्या होत्या, त्याही अडकल्या. ती रडत नव्हती. फार सभ्यपणे बोलत होती, आणि त्याने मला जास्त घाम फुटला.

"तुझ्या घरी कोणाला काही राग आहे का माझा?" तिने विचारलं.

शेंगेने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "आजी, तू काय दाबलंस?"

"मी काय दाबणार? ते यंत्रच तसलं आहे. हसल्याशिवाय माणूस ओळखत नाही."

"बाबांच्या नावाने परत मागवूया का मग?"

मुलगा म्हणाला, "मागव की." पण ते होत नव्हतं. शेंगेची मागणी, मापांसकट, धडवालीच्या बंद पानात अडकली होती, आणि पान उघडायचं तर पालकाने हरकत मागे घ्यायला हवी होती. हरकत मागे घ्यायची सोय फोनवर होती. ती दाबली की 'स्थगित पालकास ही सुविधा उपलब्ध नाही' असं येत होतं. परीक्षा पाच दिवसांवर आली होती. शेंगेने त्या रात्रीचं जेवण अर्धं टाकलं. कोट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता, मातकट रंगाचा, आतून रेशमी अस्तर. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी धोरणाच्या साहाय्य केंद्रात गेलो. केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीतला पहिला मजला. आत शिरताच एक पडदा, त्यावर लिहिलेलं, 'आता रांगेची गरज नाही.' त्या पडद्यापुढे रांग होती. पडदा फोनवर आलेला आकडा मागत होता. माझं खातं स्थगित, म्हणून आकडा येत नव्हता. रखवालदाराने हे सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "आजी, आत जाऊन बसा. फोन न चालणाऱ्यांची रांग ती डावीकडे." ती उजवीकडच्या रांगेच्या तिप्पट होती.

दोन तासांनी नंबर लागला. टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी बाई होती, केस मागे घट्ट बांधलेले, समोर उघडा डबा, एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने आमचं प्रकरण उघडत होती. मला तिची दया आली, पण ती टिकली नाही.

"हरकत पालकाचीच आहे," ती म्हणाली.

"चुकून झाली असेल," शेंग म्हणाली. "आजीला फोनची सवय नाही."

"नाही, चुकून नाही. लेखी आहे." ती पडद्याकडे वाकली. मी खुर्चीवरून उठायला लागले. "वाचते. 'कंबर: चार इंच कमी करावी. ओघळलेली हा शब्द काढावा.'"

तिने वर बघितलं. माझ्याकडे, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि या वेळी नजर कमरेपाशी थांबली. शेजारच्या टेबलावरचा माणूसही बघायला लागला. आपल्या वयाची गोष्ट मी नेहमी ताठ मानेने सांगत आले आहे. पण मान पुढे आलेली आहे, हे त्या प्रकरणात लिहिलेलंच होतं.

"आजी," शेंग हळू आवाजात म्हणाली, "तू माझी मापं तपासलीस?"

"माझी मापं," मी म्हटलं. "आणि जेवणानंतरची."

अधिकारी बाईने डबा बंद केला. "प्रकरण निकाली काढायला नऊ कामाचे दिवस लागतील. मी आजच हरकत मागे घेतल्याची नोंद करते. त्या विक्रेतीचं पान उद्या सुरू होईल. पण तुमच्या वस्तूचा विचारकाळ पहिल्यापासून."

"परीक्षा चार दिवसांवर आहे," शेंग म्हणाली.

"धोरणात परीक्षेचा उल्लेख नाही," ती म्हणाली, आणि तिला ते सांगताना वाईट वाटत होतं, हे मान्य करायला हवं.

परतीच्या वाटेवर शेंग माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. ती रागावली की बोलते. तेव्हा बोलत नव्हती. घराच्या वळणावर थांबली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं तुला आवडेल. तुझ्या अंगाला एकही कोट नीट बसत नाही ना. खांद्यावरून घसरतो, पाठीत चढतो. तू दर वेळी म्हणतेस, दुकानवाले चांगले कपडे ठेवत नाहीत. दुकानवाल्यांचं काही नाही गं त्यात."

 म्हणण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं काहीच तिच्या उपयोगाचं नव्हतं. वरच्या गॅलरीतून विमावाले ओरडून विचारत होते, "वहिनी, 'हो' नाही ना म्हणालात कुठे?"

घरी आल्यावर मी तिच्याकडे परीक्षेची नियमपुस्तिका मागितली.

"आता कशाला?"

"दे तर."

अडतीस पानं होती. सगळी वाचली. एकोणिसाव्या पानावर होतं: 'कोट ज्यावर मांडला जाईल तो देह विद्यार्थ्याने सत्राच्या सुरुवातीला नोंदवलेल्या मापाचा असावा. तो स्थिर उभा राहणारा असावा. त्यास चाके नसावीत. परीक्षागृहात त्याचा आवाज होऊ नये.' मी ते दोनदा वाचलं, मग पुस्तिकेत बोट घालून दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. शेंग बरोबर यायला तयार नव्हती. तिने माझा एक उपक्रम पाहिला होता.

विभागप्रमुख बाई सौजन्यशील होत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, "आजी, डमी म्हणजे निर्जीव वस्तू."

"तसं कुठे लिहिलंय?"

त्यांनी पान उलटलं, मागचं बघितलं, पुढचं बघितलं. "लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं कोणाला."

"माप नोंदवलेलं माझंच आहे. मी स्थिर उभी राहते. मला चाकं नाहीत."

"आणि आवाज?"

हा प्रश्न अवघड होता. माझ्या घरच्या कोणालाही विचारलं असतं तर प्रकरण तिथेच बुडालं असतं. "होणार नाही," मी म्हटलं.

 बाईंनी प्रवेशाच्या कागदावर शेंगेच्या नावापुढे 'साहित्य' या रकान्यात लिहिलं, 'देह, एक.' आणि मला बजावलं, "परीक्षक बाहेरगावचे आहेत. कडक आहेत. साहित्य बोललं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

परीक्षेच्या दिवशी एका लांबट दालनात सव्वीस डम्या ओळीने उभ्या होत्या. कोणाचा एक खांदा कापसाने वाढवलेला, कोणाचं पोट उशी बांधून काढलेलं. सत्ताविसावी मी. शेंगेने मला कोट घातला, माझ्या बाहीला क्रमांकाची चिठ्ठी टाचली, कॉलर सारखी केली आणि कानाशी म्हणाली, "दमलीस तर सांगू नकोस." मग सगळी मुलं समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

इथे एक गोष्ट मला लिहायलाच हवी. तो कोट मला बसला. खांद्यावर बसला, पाठीवर बसला, मानेमागे चढला नाही. बहात्तर वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावरचं कापड माझ्याशी भांडत नव्हतं. आणि हे सांगायला मला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

परीक्षक आले. बुटके, गळ्यात टेप, मागे वही घेतलेला एक लेखनिक. एकेका डमीपाशी दोन दोन मिनिटं. माझ्या नाकाच्या शेंड्यावर खाज सुटली, ती वाढत जाऊन कानापर्यंत पोहोचली. तासाभराने ते माझ्यापाशी पोहोचले. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझा चेहरा वगळला आणि माझ्याभोवती फेरी मारली.

"खांद्याचा उतार बघा," ते लेखनिकाला म्हणाले. "पाठीचा बाक लपवलेला नाही, सामावून घेतलाय. इथे हाडावर काही तरी आहे, त्याला जागा सोडली आहे. छातीचा ओघळ..." मी समोरच्या भिंतीवरचा खिळा बघत राहिले. "ओघळ अचूक."

मग त्यांनी टेप काढली. नोंदवलेलं माप आणि देह यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर काम रद्द, हे एकविसाव्या पानावर होतं. छाती जुळली. खांदे जुळले. त्यांनी कोटाची बटणं सोडून टेप कमरेभोवती घेतली.

मी सकाळपासून पोट आत ओढून उभी होते. ठरवून नव्हे. चार माणसांत उभी राहिले की ते आपोआप आत जातं. पन्नास वर्षं जातं आहे. परीक्षकांनी आकडा बघितला, कागद बघितला. "अं," ते म्हणाले. "इथे फरक येतोय. बराच." लेखनिकाने पेन्सिल उचलली.

समोर शेंग भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्या पोटाकडे बघत होती. तिला समजलं होतं. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही, ओठसुद्धा हलवले नाहीत. फक्त बघत राहिली, आणि मग तिने नजर खाली, आपल्या चपलांकडे वळवली, म्हणजे निदान तिच्यापुढे तरी मला लाज वाटू नये.

मी श्वास सोडला. सावकाश सोडला, कारण आवाज करायचा नव्हता. सोडता सोडता माझ्या लक्षात आलं, की हे पोट पुरतं सोडल्याला किती वर्षं झाली ते मला आठवत नाही. परीक्षकांच्या हातातली टेप ताणली गेली. त्यांनी ती सैल केली, आणखी सैल केली, चष्मा सरसावला आणि पुन्हा वाचली.

"माझंच चुकलं होतं," ते म्हणाले. "घ्या लिहून." त्यांनी आकडा सांगितला. लेखनिकाला ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा सांगितला, या वेळी चांगला खणखणीत. "जुळतंय. पाव इंचाचाही फरक नाही."

शेंगेने डोकं मागे भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटले. माझी बटणं परीक्षकांनी स्वतः लावली, खालपासून वरपर्यंत, आणि ती सगळी लागली.

तो आकडा आता त्या दालनातल्या प्रत्येक मुलाला, लेखनिकाला, दारातल्या शिपायाला आणि बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांना ठाऊक आहे. विमावाले अजून विचारतात, कुठे 'हो' म्हणालात का. त्यांना मी 'नाही' म्हणते.